चार वाक्यांची भूमिका

पडद्यावर ट्रक भाजीबाजारात घुसला आणि इन्साफने भाचीचं मनगट घट्ट धरलं.

"मावशी, खोटं आहे गं," रिहाम कुजबुजली. "ट्रकही आणि सिनेमाही."

पडद्यावर: टोमॅटो उडतात, बॉम्ब फुटतात. एके काळी रंगभूमी गाजवलेला बयूमी पुन्हा पाण्याच्या टाकीत पडतो.

खाली: ईदची दुपार. कैरोतलं भरलेलं थिएटर. हशा नाही, फक्त भाजलेल्या बिया फोडल्याचा आवाज.

"एवढे मोठे नट घेतले आणि नुसते पळवले," रिहाम म्हणाली. "आणि तुला काय, तर चार वाक्यं! लाज नाही वाटत?"

चारच वाक्यं होती म्हणून तर इन्साफने होकार दिला होता. ती पाठ करायला महिना लागला होता. हल्ली शब्द निघून जायचे. आधी भाज्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची. कोणाला अजून पत्ता नव्हता. लागला, की संपलंच.

पडद्यावर: खिडकीत इन्साफ. चौथं वाक्य. खिडकी बंद.

खाली: तिने श्वास सोडला.

"अरे, बाईंना बोलू द्या की!" मागून एक जण ओरडला. "बॉम्ब पुरे झाले!"

सिनेमातला पहिला हशा हाच.

दिवे लागले. नट मंचावर गेले. रिहामने मावशीला हात धरून पायऱ्या चढवल्या आणि स्वतः कडेला उभी राहिली. दिग्दर्शक हैथमचा सदरा घामाने चिकटला होता. पडलेला खेळ सावरायला त्याला काहीतरी हवं होतं.

"इन्साफ हानम, बाईसाहेब! दर ईदला टीव्हीवर लागतं ते तुमचं नाटक! तो पोलिसाचा प्रवेश होऊन जाऊ दे!"

नाही म्हणायच्या आत बयूमीने छाती फुगवली. "ए बाई! नवरा कुठे आहे तुझा?"

लोक खुर्च्यांत पुढे सरकले.

इन्साफने तोंड उघडलं.

काही नाही.

तिथे आपलं काहीतरी वाक्य होतं, एवढंच तिला ठाऊक होतं. माइकमधून तिचाच श्वास तिला ऐकू आला. थांबवा, म्हणायला तिने हात वर केला.

लोकांना ती खूण वाटली. सगळं थिएटर एका दमात गरजलं:

"साहेब, तो घरी असता, तर मीच नसते का आले तुमच्याकडे!"

हशा कोसळला. शिट्ट्या. "काय थांबली, राव!" हैथमने पुढे होऊन तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

इन्साफही हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तशीच ती रिहामकडे वळली.

"ऐकलंस का गं? घरी असता तर म्हणे!"

रिहामचे टाळ्या वाजवणारे हात थांबले.