दांडी सरळ होती

वणी, मारेगाव, झरी, पार पुसदपर्यंत कुठल्याही गाण्याच्या पार्टीला जुनं वाद्य घ्यायचं असलं, की माणसं आधी धर्मपालकडे यायची. वणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं एवढंसं दुकान. बाहेर पाटी नाही, आत पोट उघडं पडलेले कीबोर्ड आणि फाटक्या ढोलक्या. पण धर्मपालनं वाद्य हातात घेऊन 'घ्या' म्हटलं की लोक डोळे मिटून घ्यायचे, आणि 'नका घेऊ' म्हटलं की विकणारा मुकाट्यानं गुंडाळून घरी न्यायचा. वाद घालायची कुणाची टाप नव्हती. असा शब्द कमवायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. तो शब्द एका माणसाचं काय करून बसला, ते ऐका.

दोन हजार तेराचा मार्च होता. भर दुपारी शीला पायरीशी येऊन उभी राहिली. काखेत चादरीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी होतं. काय आहे ते धर्मपालला चादर न सोडताच कळलं. शीला म्हणजे अश्वजितची बायको. अश्वजित दिवाळीच्या आधी छातीच्या दुखण्यानं गेला होता. धर्मपाल मातीला गेला, मागच्या रांगेत उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परत आला.

"जय भीम, भाऊजी."

"जय भीम. या वहिनी, बसा. पाणी घ्या."

तिनं पाणी घेतलं नाही. चादर सोडली आणि बेस गिटार टेबलावर ठेवली. काळी बॉडी, कडेला रंग उडालेला, लांब दांडीवर धातूचे पडदे आणि चार जाड तारा.

"पुसदचा राजदीप आहे ना, पार्टीवाला, त्याले पाह्यजे म्हणे. पण तो म्हणे, धर्मपालदादा पाहून सांगन तोच भाव. म्हनून आली." मग ती जरा थांबून म्हणाली, "तुम्ही तं तवाच सांगतलं होतं का दांडी पिळली आहे म्हनून. तसंच सांगा त्याले. कोणाले फसवून मले पैसा नोको. भंगारात द्यायले मन होत नाई म्हनून आनली, दुसरं काई नाई."

घ्या. आठ वर्षांपूर्वीचं त्याचं वाक्य त्याच्याच दुकानात, त्याच्याच टेबलावर येऊन पडलं.

दांडी पिळलेली नव्हती. तेव्हाही नव्हती. धर्मपाल खोटं बोलला होता.

ते साल दोन हजार पाचचं. कापसाचा भाव असा पडला होता की शेतकरी वेचणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणायचे. आता कापसाचा आणि बेस गिटारचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. अहो, संबंध कसा नाही? भीमजयंतीची वर्गणी कापसाच्या पैशातून, लग्नाचा बँड कापसाच्या पैशातून. कापूस पडला तसे धम्मज्योत पार्टीचे कार्यक्रम पटापट गळाले. गावोगावचे लोक हात जोडून म्हणायचे, दादा, या साली कॅसेट लावून भागवतो. पार्टीत धर्मपाल कीबोर्ड वाजवायचा आणि अश्वजित बेस. सहाऐवजी चारच तारा पाहून गावातली माणसं अश्वजितला हमखास विचारायची, "काबे, दोन तारा तुटल्या काय तुह्या गिटारीच्या?" आणि तो म्हणायचा, "घरी बायकोजवळ ठेवल्या, उद्या आनतो." हसवायला एक नंबर. पण वाजवायला बसला की थट्टा बंद. बेस लोकांना वेगळा असा ऐकू येत नाही, पण तो थांबला की गाणं पोकळ होतं, हे अश्वजितबरोबर वाजवलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात अश्वजित हीच गिटार घेऊन दुकानात आला. ती घ्यायला आलेलं आदिलाबादचं एक गिऱ्हाईक चहा प्यायला गेलं होतं, अर्ध्या तासात येणार होतं.

"दादा, पाहून सांग किती येईन ते. राजूरच्या चुनाभट्टीवर काम लागून राह्यलं. हे ठेवून आता काय करू?"

धर्मपालच्या डोक्यात एकच आलं. ही गिटार आदिलाबादला गेली की पार्टी संपली. गिटार घरात राहिली तर पुढल्या साली, भाव सुधारला की, हा परत वाजवेल. मित्राला थांबवायचं कसं? त्यानं दांडी डोळ्यासमोर धरली आणि मान हलवली.

"कोण घेते हे? दांडी पिळली आहे. पाचव्या पडद्याच्या वर सगळंच बेसूर."

इथवर थांबला असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं पुरेसं वाटत नाही ना! अश्वजितच्या चेहऱ्यावर शंका दिसली म्हणून धर्मपालनं वर आणखी एक वाक्य जोडलं.

"इतके वर्स बेसूरच वाजवून राह्यला तू. तुह्या कानाले समजलं नाई काय?"

अश्वजित हसला. मग हसू गेलं. त्यानं गिटार गुंडाळली आणि आदिलाबादवाल्याची वाट न पाहता निघून गेला. धर्मपालला वाटलं, जमलं.

पुढच्या दोन जयंत्यांना धर्मपाल स्वतः राजूरला त्याच्या घरी गेला. दोन्ही वेळा अश्वजितनं चहा पाजला आणि म्हणाला, "दुसरा पाहा दादा. माहा कान गेला." दोन्ही वेळा खरं काय ते धर्मपालच्या ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे, मी वाद्य हातात घेऊन खोटं बोललो, असं सांगायचं. ते बाहेर फुटलं असतं तर त्याच्या शब्दाला कुणी विचारलं असतं? त्यानं चहा संपवला आणि शेवटच्या बसनं परत आला. तिसऱ्या साली तो गेलाच नाही.

"पाहा ना भाऊजी," शीला म्हणाली.

धर्मपालनं गिटार उचलली. खरं सांगतो, त्या क्षणी त्याच्या मनात आलं ते त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं. आठ वर्षं भिंतीला टांगलेलं लाकूड, भट्टीच्या गावची हवा, दर पावसाळ्याची गळती. वाकली असेल दांडी. वाकली असली तर बरं होईल. त्यानं एक डोळा मिटला आणि शेंड्याकडून दांडीवरून नजर नेली. दोन्ही कडा सरळ होत्या. पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून मधली फट पाहिली, नखाएवढी, हवी तेवढीच. अ‍ॅम्प लावला. जॅक थोडा खरखरला, मग बसला. बाराव्या पडद्यावर तार नुसती बोटानं शिवून वाजवली, मग दाबून वाजवली. सूर दोन्ही वेळा तोच. चारही तारांवर तोच. तारा तर स्वच्छ पुसलेल्या होत्या, कुठं गंजाचा ठिपका नाही. आणि पडदे झिजले होते ते सारखे, बरोबर जिथं बोट पडायला पाहिजे तिथं. बेसूर वाजवणाऱ्याचे पडदे असे झिजत नाहीत. जिल्ह्यात याहून चांगली जुनी बेस गिटार त्यानं पाहिली नव्हती.

"अठरा हजार," तो म्हणाला. "राजदीपले सांगतो मी."

शीला त्याच्याकडे बघतच राहिली. "अठरा? अन् दांडी?"

आणि पाहा, माणूस किती सोपी वाट धरतो. "ते काय, दांडीच्या आतला रॉड फिरवला का होते सरळ. आता होते दुरुस्त. तवा आपल्याले जमत नव्हतं."

तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि पहिल्यांदा पाण्याचा ग्लास उचलला. पाणी पिऊन ती मोकळी बोलायला लागली. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायला बाईला फार कमी जागा मिळतात.

"दरसाल जयंतीच्या सकाळी काढत होते, भाऊजी. पुसत होते, तारा लावत होते. मंग लाकडाले कान लावून धीरे धीरे वाजवत. अन् मले विचारत, शीला, सांग वं, बेसूर आहे काय? मले काय समजते? मी म्हनो, चांगलं तं वाटते. ते म्हनत, तुले बी समजत नाई अन् मले बी नाई. बाहेर मिरवणुकीचं गानं लागलं का दार लावून घेत. म्हनत, इतक्या लोकाईसमोर इतके वर्स बेसूर वाजवलं, कोणी तोंडावर बोललं नाई, दादानं खरं सांगतलं म्हनून समजलं."

धर्मपालनं अ‍ॅम्पचं बटण बंद केलं.

"अन् आमची ममता," शीला म्हणाली. "लहानपनी काय गाये पोरगी! शाळेत नाव लिहून आलती गान्यात. तिच्या बाबानं जाऊन खोडलं. म्हने, आपल्या घराले कान नाई, बाई, लोकाईत हसू करून घेऊ नोको. मारलं नाई, रागावले नाई, स्वतःच रडले. तवापासून भांडे घासताना बी गुणगुनत नाई पोरगी. अकरावीत आहे आता."

यानंतर मात्र धर्मपालला गप्प बसता आलं नाही.

"वहिनी, दांडी पिळली नव्हती. मी खोटं बोललो."

"काय म्हनता?"

"सरळ होती. आता बी मी काई दुरुस्त नाई केलं. त्यानं विकू नये म्हनून बोललो. वाटलं, ठेवन घरी, वाजवन पुढं. असं होईन म्हनून..."

शीलानं गिटारच्या दांडीवर हात ठेवला. मग तिनं अगदी हळू विचारलं, "म्हनजे ते चांगले वाजवत होते?"

"त्याच्यासारखा कान म्या दुसरा नाई पाह्यला, वहिनी. सगळी पार्टी त्याच्या कानावर चालत होती. मी बी."

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. तिनं पदर तोंडात धरला आणि खांदे हलत राहिले. आवाज मात्र आला नाही.

"दोनदा आलते घरी," ती शेवटी म्हणाली. "माह्या हातचा चहा पेले. काहून नाई सांगतलं?"

"माहा शब्द जाईन म्हनून."

"तुमचा शब्द राह्यला भाऊजी. त्याईचा कान गेला." तिनं डोळे पुसले. "मले सांगून काय उपेग? त्याईले सांगाचं होतं. आता ममताले सांगा. आताच सांगा. मी सांगतलं तं तिले पटनार नाई, आई काईबी बोलते म्हनन. तुम्ही बोला."

तिनं नंबर लावून मोबाइल त्याच्या हातात दिला. धर्मपालनं आयुष्यात शेकडो लोकांना वाद्याचं खरंखोटं सांगितलं होतं, पण कपाळावर असा घाम कधी आला नव्हता. पलीकडे पोरीचा आवाज आला. बापासारखाच, जरा दबका.

"ममता, मी धर्मपालकाका. बाबाची गिटार पाह्यली."

"हो काका. जाऊ द्या, जो भाव येईन तो घ्या. खराबच आहे ना ते."

"नाई बेटा. खराब नाई. तवा बी नव्हती. मी तुह्या बाबाशी खोटं बोललो. दांडी सरळ होती. तुह्या बाबाचा कान जिल्ह्यात एक नंबर होता. ते कधीच बेसूर वाजवत नव्हते. ऐकून राह्यली ना?"

मग पोरगी बोलली, आणि इतकी समजूतदार बोलली की त्यापेक्षा तिनं तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

"काका, आई तिथंच बसली आहे ना? रडून राह्यली काय?"

"हो."

"समजली मी. तिले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यले तुम्ही."

"नाई ममता, तुह्या बाबाची शपथ..."

"बाबा सांगत, धर्मपालदादा वाद्याच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाई. तवा बोलले ते खरंच असंन, काका. मले काई वाईट नाई वाटत. तुम्ही एवढं म्हटलं, लय झालं. आईले रिक्षात बसवून द्या." आणि तिनं फोन ठेवला.

शीला त्याच्या तोंडाकडे बघत होती. रडून लाल झालेल्या डोळ्यांत पहिल्यांदाच जराशी आशा होती.

"काय म्हने?" तिनं विचारलं. "खुश झाली ना?"