उष्टावणाआधीचं क्रीम

"वहिनी, तोंडाचं क्रीम डोळ्यांखाली नको लावू, आग होईल," नणंद तेजलने बजावलं होतं. बोईसरच्या उत्कर्षाने ते हसण्यावारी नेलं. बाळाच्या उष्टावणाआधी तिला जागरणाची काळी वर्तुळं घालवायची होती. क्रीम चोपडून त्याच बोटाने तिने बाळाच्या कानशिलाला तीट लावली. बाळाने ती चोळून तोच हात डोळ्याला लावला आणि त्याचा डोळा लालभडक झाला. डोळा धुऊन उत्कर्षाने पालघरला डॉक्टर गाठले. "डोळ्याला इजा झालेली नाही," ते म्हणाले.

"नट खुशाल, पण हात धुऊन!" तेजलने चिडवलं.

आता बाळ झोपल्यावर उत्कर्षा साधं, बिनवासाचं क्रीम डोळ्याखालच्या हाडावर हलकेच टेकवते. वर्तुळं अजून थोडी आहेत, पण बाळ खुदकन हसतं. तुमच्या शेजारच्या बाळंतिणीकडेही जरा डोकावून या. तिची झोप होते का, विचारा.