रविवारचा शब्द

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा असला की घरात काय येऊन पडेल याचा नेम नसतो. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवालीच्या घरात जेवणाच्या टेबलाखाली लिफ्टच्या स्प्रिंगा होत्या, ओट्यावर मजल्यांचे आकडे कोरलेली पितळी पट्टी होती आणि त्या आकड्यांना पळ्या-झारे लटकत होते. झोपायच्या खोलीत तर दिव्याला चारचौघांसारखं बटण नव्हतंच. एका मोडीत निघालेल्या हॉटेलच्या लिफ्टचं वाटोळं बटण त्यानं भिंतीत बसवलं होतं. दाबलं की दिवा जायचा आणि मजला आल्यासारखं 'टिंग' व्हायचं.

सगळा घोळ त्या टिंगनं केला.

रविवारी दुपारी जेवणं झाली, पडदे ओढले, की चष्मेवाली ते बटण दाबायची. टिंग. त्या क्षणापासून ती सगळ्यात वरच्या मजल्यावरची गोरी, शिष्ट, नाकावर माशी बसू न देणारी मालकीण, आणि तो तिचा लिफ्टवाला.

"कोळशा, वर घे," ती फर्मावायची.

"कुठल्या मजल्यावर, पाली?" तो विचारायचा.

पुढं लिफ्टची दारं बंद व्हायची. आपणही बाहेरच थांबावं हे बरं.

आता 'कोळशा' हा काही लाडाचा शब्द नव्हे. तिच्या नवऱ्याच्या आजोबांची पिढी लांबच्या मुलखातून बोटीनं या शहरात कामाला आली, तेव्हा इथल्या पिठासारख्या गोऱ्या लोकांनी त्या सगळ्यांचं एकच नाव ठेवलं, कोळसे. शाळेत, बसमध्ये, नळावर, कुठंही. चष्मेवाली त्या पिठातलीच. लग्नाआधी तिच्या मावशीनं "रंग लागत नाही ना गं?" असं विचारलं होतं, आणि तिनं मावशीला जन्माची तोडली होती. असा शब्द तिच्या तोंडून काढायचा म्हणजे दगडातून तेल.

पण खेळ काढला त्यानंच. "लहानपणापासून हा शब्द कुत्र्यासारखा माझ्या मागं लागलाय," तो म्हणाला होता. "आता घरापर्यंत आलाच आहे तर त्याला बांधून कामाला लावू. तू म्हण. तू म्हटलंस की चावत नाही."

"आणि मी? मी नुसती म्हणत बसू?"

"मी तुला पाल म्हणतो. फिट्टंफाट."

पहिल्या रविवारी तिची जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्या रविवारी तिला इतकं हसू आलं की मालकीणबाई पलंगावरून खाली. मग मात्र अंगवळणी पडलं. नियम एकच होता. शब्द टिंगला सुरू, टिंगला बंद, आणि खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. नियम दोघांना तोंडपाठ होता. सवयीला तो कुणी सांगितला नव्हता. सवय म्हणजे जुनी मोलकरीण. तुम्ही काय म्हणता ते ऐकत नाही, घंटा वाजली की चहा आणते, पाहुणे असोत नाहीतर प्रेत असो.

या घरात मानाचं माणूस एकच, नवऱ्याची थोरली बहीण. ताई मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. आई गेल्यावर भावाला त्यांनीच वाढवलं, आणि त्याला कोळशा म्हणणाऱ्या एका पोराचा पुढचा दात त्यांनी वेताच्या छडीनं नव्हे, स्वतःच्या कपाळानं पाडला होता. लग्नाला त्या आल्या, जेवल्या नाहीत. "पोरगी चांगली आहे," त्या भावाला म्हणाल्या होत्या, "पण त्यांच्यातली आहे. आज ना उद्या तोंडातून निघेलच. पोटात असतं रे ते, दुधातून येतं."

हे चष्मेवालीला ठाऊक होतं. तेव्हापासून ती ताईंशी जपून बोलायची, इतकी की चहाला 'काळा' म्हणायलाही कचरायची. दुधाविना चहा म्हणायची. अशी वर्षं गेली, आणि अखेर ताईंना जवळचं दिसेनासं झालं. दुसऱ्या कुणाकडं न जाता त्या म्हणाल्या, "घरची चष्मेवाली असताना बाहेर कशाला डोळे फोडून घेऊ?" ताईंच्या तोंडी 'घरची' हा शब्द पहिल्यांदाच आला होता. चष्मेवालीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं नवऱ्याला फर्मान सोडलं, की दुकानातल्या तपासणीच्या खोलीतलं दिव्याचं बटण कधीचं अडकतंय, ताई यायच्या आत बदलून दे.

त्यानं सकाळी कामावर जाताजाता बदललं. घाईत हाताशी जे होतं ते लावलं, आणि हाताशी काय होतं हे आता वेगळं सांगायला नको.

ताई आल्या. कडक इस्त्रीची साडी, ताठ मान, केसांना लवंगेच्या वासाचं तेल. घरात त्याच बाटलीतलं तेल भाऊही लावायचा, ताईच पुरवायच्या. चष्मेवालीनं त्यांना खुर्चीत बसवलं, भिंगं अडकवायची गोल लोखंडी फ्रेम नाकावर चढवली, दोन्हीकडं एकेक भिंग सरकवलं. ताईंचे डोळे बशीएवढे झाले.

"घुबडासारखी दिसतेय का गं मी?" ताई चक्क थट्टेत म्हणाल्या.

"छान दिसताय," चष्मेवाली म्हणाली. तिनं पडदा ओढला आणि अंधारासाठी बटण दाबलं.

टिंग.

पडदा, अंधार, लवंगेचा वास, आणि टिंग. जुनी मोलकरीण ट्रे घेऊन हजर झाली.

"कोळशा, वर घे," चष्मेवालीचं तोंड म्हणालं. नुसतं म्हणालं नाही, चांगलं ठसक्यात म्हणालं.

खोलीत समोरच्या पाटीवरची अक्षरं तेवढी उजळत राहिली.

"काय म्हणालीस?"

"अक्षरं... वरची ओळ घ्या म्हटलं, ताई."

"मला चष्मा लागतोय. कानाला काही झालेलं नाही."

खरं सांगितलं तर चष्मेवाली सुटत होती. पण खरं सांगायचं म्हणजे काय? ज्याला ताईंनी कडेवर वाढवलं, तो रविवारी दुपारी पडदे ओढून काय ऐकून घेतो ते ताईंना सांगायचं. त्याचं मर्म त्यानं तिच्या एकटीच्या ओंजळीत ठेवलं होतं. ते नणंदेसमोर उपडं करायचं, तेही स्वतःची कातडी वाचवायला?

"चुकलं माझं," ती म्हणाली. "निघालं तोंडातून."

"तेच मी म्हणत होते," ताई म्हणाल्या आणि उठल्या. "इतकी वर्षं."

आणि निघाल्या त्या तरातरा रस्त्यावर. फ्रेम नाकावर तशीच. बशीएवढे डोळे, रस्ता वाटेल तसा वरखाली दिसतोय, पण चालीत कवायतीचा एक ठोका चुकला नाही. फळवाल्याच्या गाडीला त्यांनी "बाजूला हो" म्हणून दम दिला, गाडीला माणूस नव्हता. मागं चष्मेवाली, "ताई, पायरी आहे, ताई, भिंगं पडतील," करत धावतेय.

भाऊ त्या दिवशी समोरच्याच कापडवाल्यांच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत होता. ताई तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि फटीतून वर ओरडल्या, "खाली ये. तुझ्या बायकोनं मला कोळसा म्हटलंय."

वरून पाना पडल्याचा आवाज आला.

"ताई, जरा ऐका," चष्मेवाली म्हणाली.

"ऐकलं की. तिथंच तर घोडं अडलंय."

"मी तुम्हाला नाही म्हटलं."

"खोलीत तिसरं कोण होतं? पाटी?"

याला उत्तर होतं, आणि ते देता येत नव्हतं. चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पोटात, मेलं, हसू आलं, कारण एक भिंग घसरून ताईंचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा दुप्पट दिसत होता. तिनं ओठ दातांखाली धरले. आता हसलं तर संपलंच सगळं. वर दोरखंड करकरले, लिफ्ट हळूहळू उतरू लागली. तिला एवढंच वाटत होतं, की तो येऊन तिची बाजू घेऊ पाहील, काहीतरी भलतंच बोलेल, आणि बहीण की बायको असा तराजू त्याच्या हातात येईल.

लिफ्ट तळाला लागली. दारं सरकली. टिंग.

दिवसभर टिंग ऐकणारा माणूस तो, त्याला टिंगची काय मातब्बरी. पण टिंग आणि समोर ती, हा योग रविवारीच यायचा. तो घाबरलेला होता, हात तेलकट होते, मन बहिणीकडं होतं, आणि तोंड मोकळंच सोडलं होतं.

"कुठल्या मजल्यावर, पाली?" तो म्हणाला.

ताईंनी नाकावरची फ्रेम सरळ केली.

"पाल?" ताई म्हणाल्या. "तू बायकोला पाल म्हणतोस?"

"रविवारी," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"आणि ती तुला..."

"रविवारीच, ताई. मीच शिकवलंय."

ताईंनी भावाकडं पाहिलं, भावजयीकडं पाहिलं. इतक्या मोठ्या डोळ्यांनी कुणी पाहिलं की काही लपत नाही. चष्मेवालीचा पिठाचा चेहरा बिटासारखा झाला होता. नवऱ्याचाही झाला असेल, त्याला फायदा एवढाच की दिसत नव्हतं.

"मग 'वर घे' म्हणजे..."

"ताई, ते राहू दे," दोघं एकदम म्हणाली.

ताई लिफ्टमध्ये शिरल्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. खांदे हलायला लागले. चष्मेवालीला वाटलं, रडताहेत. मग फ्रेम निसटून मांडीवर आली आणि ताईंच्या घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज निघाला. आयुष्यभर 'सावधान' म्हणत आलेली बाई हसत होती.

"त्या पोराचा दात," त्या कशाबशा म्हणाल्या. "बिचाऱ्याचा फुकट गेला."

"फुकट नाही," भाऊ म्हणाला. "तो बाहेर म्हणायचा. ही आत म्हणते."

ताईंचं हसू ओसरलं. "आत-बाहेर तुला कळतं रे. जिभेला दार कुठं कळतं? आज मी होते म्हणून कळलं तरी. उद्या तिच्या खुर्चीत माझ्यासारखीच कुणी परकी बसली असती तर? तिला कुठल्या लिफ्टमध्ये आणून समजावलं असतंत?"

भावानं तेलकट हात पँटला पुसले.

"आणि तू," ताई भावजयीकडं वळल्या, "शिव्या खाल्ल्यास पण याचं नाव नाही काढलंस. का?"

"त्याचं होतं ते," चष्मेवाली म्हणाली.

ताईंनी फ्रेम पुन्हा नाकावर चढवली. "चल. राहिलेली तपासणी कर. आणि बटण दाबायच्या आधी तोंडात रुमाल धर."

भाऊ दुकानातलं बटण बदलायला निघाला होता. चष्मेवालीनं बदलू दिलं नाही. चुकीचं ज्या टिंगवर शिकलं त्याच टिंगवर खोडायचं, असा तिचा हिशेब. दिवसभर गिऱ्हाईकं यायची, दिवसभर टिंग व्हायचं, आणि टिंगसरशी ती म्हणायची, "हनुवटी टेकवा. पहिली ओळ वाचा." आधी दातओठ आवळून, मग सहज, मग मनात भाजीचा विचार चालू असताना.

मध्ये काही रविवार ताईंचे डोळे आठवून हसण्यातच गेले. मग एका रविवारी जेवणं झाली, पडदे ओढले. तो वाट बघत उताणा पडला. टिंग.

"हनुवटी टेकवा," मालकीणबाई ठसक्यात म्हणाल्या. "पहिली ओळ वाचा."

अंधारात बराच वेळ पलंग नुसता हसण्यानं हलत होता. तो जुना शब्द दाराशी येऊन उभा होता की नव्हता कोण जाणे, कुणी त्याला आत बोलावलं नाही.

"काही दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. "पाटी जरा जवळ आणा."