जाळीवरची शाल

आमच्या जुन्या हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली आहे आणि तिने आता मान टाकायला सुरुवात केली आहे. मेकॅनिकने निक्षून सांगितलं, "ताई, सीटच्या बाजूची ही जाळी मोकळी ठेवा. पंखा इथूनच हवा ओढतो. बॅटरी तापली की संपलं."

मागे आई बसते. तिला डायलिसिसला न्यायला दुसरी सोय नाही. चढावर पंखा घरघरायला लागला की ती हमखास आपली शाल जाळीवर पांघरते.

"आई, शाल काढ ना."

"तुझे बाबा थंडी भरली की असेच घोरायचे."

"अगं, तो पंखा आहे. त्याला उलट हवा लागते."

"बरं बाई," म्हणून ती शाल काढते आणि पुढच्या वळणापर्यंत सगळं विसरते.

आज पुलावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि गाडी बंदच पडली. पलीकडे हॉस्पिटल दिसत होतं. मी मागचं दार उघडलं. आई जाळीवरच्या शालीवर हात ठेवून बसली होती.

"असू दे गं," ती हळूच म्हणाली, "आत्ता कुठे शांत झालेत."

मी जाळीला कान लावला. काहीच ऐकू येईना. मग मीही तिच्या शेजारी बसले.