एकदाही न वापरलेलं

जव्वाद गेल्यावर बहिजाच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही, आणि कासाब्लांकातल्या तिच्या ऑफिसात या गोष्टीचं फार कौतुक झालं. बाई खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. खंबीर वगैरे काही नव्हती ती. तिला काही वाटतच नव्हतं. नवरा भर दुपारी बस थांब्यावर कोसळला, लोक आले, कुसकुस वाढलं गेलं, तिने विधवेने पाळायच्या इद्दतीचे पांढरे कपडे अंगावर चढवले आणि मुदत संपल्यावर घडी करून ठेवून दिले. या सगळ्यात तिला धड भूकसुद्धा लागली नाही. वेळ झाली की जेवायचं, एवढंच. घास गोड आहे की खारट, हे ताटात बघून कळायचं.

नवराबायको एकाच ऑफिसात होती. डायलिसिसच्या पेशंटना घरून केंद्रावर नेणाऱ्या आणि परत आणून सोडणाऱ्या गाड्या कुठे कधी जाव्यात, हे ठरवणारा प्रोग्राम ते ऑफिस चालवायचं. मूळ कल्पना जव्वादची. त्याच्या आईचं, लल्ला तामोचं, डायलिसिस सुरू झालं आणि म्हातारी टॅक्सीसाठी रस्त्यावर ताटकळायला लागली, तेव्हा चिडून त्याने पहिला कोड लिहिला. तो गाड्यांचा भाग बघायचा, बहिजा बिलांचा. पुढे नव्या माणसांनी गाड्यांचा भाग जवळजवळ सगळा पुन्हा लिहून काढला. जव्वादच्या हातचं जुनं जे काही होतं ते आत कानाकोपऱ्यांत उरलं होतं.

रमजानच्या आधीच्या, शाबानच्या महिन्यात साहेबांनी, म्हणजे सी लरबींनी, तिला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला, खिडकीतून खालचं केकचं दुकान बघितलं. मुद्द्यावर यायला त्यांना नेहमीच एक चहा लागायचा. प्रोग्राम फार सुजला होता. कुणी न वापरलेला जुना कोड शोधून काढून टाकायचा होता, आणि तोही रमजानच्या आत, कारण एकदा रमजान लागला की ऑफिसातली अर्धी माणसं खुर्चीत झोपतात. तयारी जव्वादनेच करून ठेवली होती. मागच्या रमजान ईदनंतर लगेच त्याने कोडच्या प्रत्येक तुकड्याला एक मोजणी जोडली होती. तुकडा वापरला गेला की आकडा एकने वाढायचा. ज्याच्यापुढे अजून शून्य, तो मेलेला. तो काढायचा.

“तुला जमणार नसेल तर सांग, पोरी,” सी लरबी म्हणाले. “त्यात त्याचंही बरंच असेल. मी दुसऱ्या कुणाला देतो.”

“नुसता कोड आहे, सी लरबी. त्याचं कपाटसुद्धा मीच रिकामं केलं.”

त्यांनी तिलाही एक चहा मागवला.

घरी तिने लल्ला तामोला सहज सांगितलं, की उद्यापासून जव्वादच्या जुन्या कामाची साफसफाई आहे. सासू-सून आता दोघीच राहत होत्या. म्हातारी भाजी निवडत होती. ती थांबली.

“त्याच्या हातचं काही चालू असेल का गं तिथे? अजून?”

“बघते, लल्ला.”

“बघ. असेल तर मला सांग.”

मुलगा गेल्यापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. बहिजाला ते कळलं. कळणं काही बंद झालेलं नव्हतं.

तिने काम नीट केलं. कोडच्या प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे जव्वादचं कुठलं हे शोधावं लागलं नाही. शिवाय तुकड्यांना नावं देण्यात तो महा वात्रट होता. एकाला त्याने गल्लीतल्या मांजराचं नाव दिलं होतं, एकाला आवडत्या गोलकीपरचं. काम काय आणि नाव काय, याचा एकमेकांशी संबंध नाही. ती नाव वाचायची, आकडा बघायची. शून्य. काढला. शून्य. काढला. मनात कुठेतरी ती शून्य नसलेल्या एका तरी आकड्याची वाट बघत होती, सासूला सांगायला. एकाही ठिकाणी तो सापडला नाही.

एका तुकड्याचं नाव होतं तामो. आत, आकडेमोडीच्या मधोमध, एक वाक्य होतं: आधी खजूर, मग गाडी. “आधी खजूर” हे जव्वादचं घरातलं वाक्य. रोजा सोडायच्या वेळी ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली, की तो खजुराची बशी थेट कळांवर ठेवायचा आणि हेच म्हणायचा. बहिजाने वाक्य वाचलं. ही त्याची थट्टा, असं तिला वाटलं. पुढे शून्य होतं. तिने तो तुकडा काढला. त्या तुकड्याची तपासणी करायला लिहिलेली एक चाचणी होती, तुकडा सापडत नाही म्हणून त्या चाचणीने कुरकुर केली; मग तीही काढली. हात कुठे अडखळला नाही. दुसऱ्या कुठल्याही बाईने त्या वाक्यापाशी थांबून डोळे पुसले असते, आणि थांबली म्हणून तुकडा नीट वाचला असता. हिला थांबायला काही कारणच नव्हतं.

“काही नाही, लल्ला,” तिने संध्याकाळी सांगितलं. “सगळं बंद पडलेलं होतं. काढून टाकलं.”

लल्ला तामोने “बरं” म्हटलं आणि उठून आतल्या खोलीत गेली. ऑफिसात सी लरबींनी सगळ्यांसमोर बहिजाचं नाव घेतलं, प्रोग्राम हलका झाला म्हणून केक मागवला. केक कसा होता हे तिला कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

रमजान लागला. पहिला रोजा तिला जड गेला नाही. भूक नसलेल्या माणसाला रोजा कसला? संध्याकाळी तिने हरीऱ्याचं सूप उकळत ठेवलं, मधात घोळलेली चबाकिया ताटलीत मांडली. लल्ला तामोला आजारामुळे रोजा माफ होता, पण सुटायच्या वेळी पानावर हजर असायचा तिचा हट्ट असे. आज दुपारचं डायलिसिस होतं, आत्तापर्यंत ती यायला हवी होती. अजानला थोडाच वेळ उरला तेव्हा बहिजाने फोन केला. म्हातारी केंद्राच्या दारातल्या बाकावर बसली होती. इतर पेशंटही तिथेच होते. गाडी येतेय असं फोनवर दिसतं, मग ती नाहीशी होते, मग दुसरी दिसते, तीही नाहीशी होते. आवाज खोल गेला होता. डायलिसिसनंतर तिला बसवतसुद्धा नाही, हे बहिजाला माहीत होतं.

खाली रस्ता सामसूम होता. या घटकेला शहरात टॅक्सी मिळत नाही; मिळाली तर तिचा ड्रायव्हर ख्रिस्ती तरी असेल नाहीतर वेडा. तिने बुअज्जाला फोन लावला. लल्ला तामोला वर्षानुवर्षं नेणारा-आणणारा ड्रायव्हर तोच.

“लल्ला बहिजा, तुमच्या मशीनला रोजा नाही का?” तो फोन उचलता उचलताच म्हणाला. “मी गाडी बाजूला लावलीय, हातात वाटी आहे, आणि हा फोन केकाटतोय. ही फेरी घे, ती फेरी घे. मी नाही म्हटलं की हमीदला देतो. हमीद नाही म्हणाला की फिरून माझ्याच गळ्यात. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. या वेळी गाडी हाकली तर मीच पेशंट होईन.”

“दर वर्षी या वेळी काय होतं, बुअज्जा?”

“दर वर्षी? अजानच्या जरा आधीच सगळ्यांना घरी पोचवून होतं. मग फोन गप्प. नुसतं लिहून येतं, आधी खजूर, मग गाडी. आम्ही खातो, नमाज पढतो, मग फेऱ्या सुरू. कुठे गेलं ते यंदा?”

बहिजाने फोन ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की ड्रायव्हर मंडळी आपल्या माणुसकीने थांबतात आणि सासू आपोआप वेळेवर येते.

मोजणी ईदनंतर सुरू झाली आणि रमजानच्या आधी संपली. रमजानात कुणी नव्या कामाला हात लावत नाही, म्हणून जव्वादनेही लावला नव्हता. जवळजवळ वर्षभराचे आकडे, याहून पक्कं काय हवं, असं साऱ्या ऑफिसाला वाटलं. जो तुकडा फक्त त्या एका महिन्यात जागा होतो, तो या मोजणीत मेलेलाच दिसणार होता. जव्वादने ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. रमजान विसरणारं माणूस आपल्या ऑफिसात निघेल, असं त्याला कशाला वाटेल? आणि वेळ आल्यावर तो सांगायला असणारच होता.

तिने लॅपटॉप उघडला. काढलेला कोड जुन्या नोंदींत राहतो. परत आणायला फारसं काही लागत नाही. तरी बोटं चुकीच्या कळांवर पडत होती. तिला लाज वाटत होती. इतक्या महिन्यांनी काही वाटलं, आणि ते हे. तिने तामो नावाचा तुकडा शोधून आणला, जिथे होता तिथे ठेवला, आणि या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. चाचणीही परत ठेवली. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला तेव्हा मशिदीतून अजान येत होती.

तिने त्या तुकड्यापुढचा आकडा उघडला. शून्य होतं. मग एक झालं. बघता बघता दोन, पाच, अकरा. शहरभर रस्त्याकडेला उभ्या गाड्यांमध्ये फोन एकेक करून गप्प होत होते. ती स्वतःशीच म्हणाली, चालू आहे.

मग फेऱ्या ओळीने सुटल्या. बुअज्जाने लल्ला तामोला धरून दारापर्यंत आणलं, हरीऱ्याला नको म्हणत निघून गेला. त्याला अजून माणसं सोडायची होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली. चेहरा कागदासारखा झाला होता.

“बुअज्जाने मला वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “आधी खजूर. माझ्या पोराचं बोलणं आहे ते.”

“हो, लल्ला.”

“तू म्हणालीस काही चालू नाही.”

“मी पुसलं होतं. मला कळलं नाही.”

लल्ला तामोने तिच्याकडे बघितलं. रागावेल असं बहिजाला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती पुढे सरकली आणि तिने लॅपटॉपवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मशीन गरम होतं.

“काय नाव ठेवलंय त्याने त्याला?”

“तामो.”

म्हातारीने मान खाली घातली. मग डोळे पुसून ताटाकडे बघितलं. सगळं जसंच्या तसं होतं, हरीऱ्यावर साय धरली होती.

“तू रोजा सोडला नाहीस अजून?”

बहिजाने मान हलवली. लल्ला तामोने बशीतला एक खजूर उचलला आणि तिच्या हातात न देता सरळ तोंडाशी धरला. बहिजाने तो खाल्ला. खजूर गोड होता. तिने दुसरा घेतला, मग तिसरा, आणि मग तिला रडू फुटलं. तोंडात घास होता, धड रडताही येत नव्हतं, आणि पोटात भुकेचा आगडोंब उसळला होता.