कागदावरचं काळीज

किमोसोपचं वय केनियातल्या इटेन गावात कुणालाही विचारा, हिशेब न करता सांगेल. तो एका वयाच्या पोरांच्या कोरोंगोरो तुकडीतला. ही तुकडी सुंता होऊन पुरुषांत बसली तेव्हा आज धावपटूंच्या कॅम्पात मिरवणारी अर्धी पोरं जन्मलीही नव्हती. म्हणजे चव्वेचाळीस. पासपोर्टावर मात्र एकतीस होतं, आणि पासपोर्टाला तुकड्याबिकड्या कळत नाहीत.

ती तेरा वर्षं उडवली तुवेईने. तुवेई कॅम्पचा कोच, आणि किमोसोपचा तुकडीभाऊ. सुंतेनंतर दोघं एकाच झोपडीत एकाच महिन्यात बरे झाले होते. अशांनी एकमेकांना दगा द्यायचा नाही, हा तिथला कायदा. "म्हाताऱ्याला कोण विमानात बसवतो रे?" असं म्हणत त्यानेच पासपोर्टाचा फॉर्म भरला होता.

हॉलंडच्या शर्यतीला वेग धरून पुढे पळणारे दोन गडी हवे होते. एक चेबोई, तेवीस वर्षांचं पोरगं, ते ठरलंच होतं. दुसरी जागा किमोसोपची, पण मॅनेजरने बजावलं होतं की आयोजकांच्या तपासणीत नापास झालास तर बिछाना गुंडाळ आणि कॅम्प सोड. पळणं सोडून आपण कोण, हे किमोसोपला कधी ठाऊकच नव्हतं. म्हणून नैरोबीहून डॉक्टर न्योकाबी यंत्रं घेऊन येणार म्हटल्यावर त्याला दोन दिवस मक्याची उगाली गिळवेना.

यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवून झालं, छातीवर आणि मांडीवर गार मलम लावून आतलं चित्र बघून झालं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वय एकतीस ना तुमचं?"

"हो, डॉक्टर."

दारात टेकलेला चेबोई म्हणाला, "एकतीसच. आमचे काका लहानपणापासून एकतीस आहेत."

पोरं फिदीफिदी हसली.

"काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाडाने म्हणतात," तुवेई घाईघाईने म्हणाला.

बाई भली होती, पण दुसऱ्या मुलखातली. कोरोंगोरो म्हणजे काय ते तिला कोण सांगणार? तिने पडदा किमोसोपकडे वळवला. "हे बघा, हृदयाच्या भिंती ताठरल्यात. जीव तोडून पळालात तरी ठोके एकशे चौऱ्याहत्तरच्या वर जात नाहीत, ते सहज एकशे पंच्याऐंशीपर्यंत जायला हवेत. मांडीच्या स्नायूत चरबीच्या रेघा आहेत. पंचेचाळिशीच्या माणसात हे दिसलं असतं तर मी पाठ थोपटली असती. एवढं दणकट काळीज त्या वयात बघायला मिळत नाही. पण एकतिसाव्या वर्षी हा आजार आहे. मी सही करणार नाही. आणि यापुढे पळूही नका, जिवावर बेतेल."

चव्वेचाळीस, हा एकच शब्द किमोसोपच्या जिभेवर आला होता. तो उच्चारला असता तर त्याच क्षणी तो ठणठणीत ठरला असता, आणि त्याच क्षणी पासपोर्ट खोटा ठरून नाव कायमचं कटलं असतं. नाही उच्चारला तर तो मरायला टेकलेला तरुण. त्याने तुवेईकडे पाहिलं. तुवेई चहात साखर ढवळत होता.

"सांग ना तिला काहीतरी," किमोसोप आपल्या भाषेत पुटपुटला.

"काय सांगू? म्हातारा आहे म्हणून धडधाकट आहे? का तरुण आहे म्हणून आजारी आहे? तूच निवड बाबा." तुवेईचं पोट हसताना गदगदलं. मग त्याने डॉक्टरांना विनवलं, "रात्री झोपला नाही हो तो. एक संधी द्या."

"ठीक आहे. माझ्या डोळ्यांदेखत, एकदाच. एकशे पंच्याऐंशी दाखवा, सही करते."

संधी मागणं हा तुवेईचा निव्वळ नीचपणा होता. माणसाने कितीही घाम गाळला तरी ठोक्यांचा वरचा आकडा वयाबरोबर खाली येतो आणि परत चढत नाही, हे तुवेईने त्याच सोमवारी फळ्यावर खडूने लिहून पोरांना शिकवलं होतं. शिवाय दुसऱ्या जागेवर त्याने मनातल्या मनात बहिणीचा पोरगा केव्हाच बसवला होता. किमोसोपलाही हे कळायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं एकच खोटं बोललं की माणूस त्याच्यावर भरवसा ठेवू लागतो. आपल्यात कुठेतरी एकतीस वर्षांचा गडी उरलाय, असं त्याला खरंच वाटत होतं.

पट्टा सुरू झाला. एकशे साठ. एकशे सत्तर. पोरं दारात गर्दी करून टाळ्या वाजवू लागली. एकशे पंच्याहत्तर, शहात्तर. तिथे आकडा थांबला तो थांबलाच.

"बस करा," डॉक्टर म्हणाल्या.

"वाढव!" किमोसोप ओरडला.

तुवेईनेच पुढे होऊन वेगाचं बटण दाबलं. ठोक्यांचा आकडा हलला नाही. तुवेईने पुन्हा दाबलं.

चेबोईचं हसू गेलं. "कोच, पुरे. मरतील काका."

"त्यालाच हवंय ना," तुवेई म्हणाला, आणि तिसऱ्यांदा दाबलं.

श्वास पुरत होता, छातीला झेपत होतं. गेली ती मांडी. मागच्या बाजूने काहीतरी टर्रकन फाटलं आणि पट्ट्याने त्याला भिंतीवर भिरकावलं. सुंतेच्या पात्याखाली चूं न केलेला कोरोंगोरोचा माणूस, पोरांदेखत गुरासारखा ओरडला. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टर गुडघ्यांवर बसून बराच वेळ मांडी चाचपत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सही तर नाहीच करता येणार. पण पायाची काळजी करू नका. तुमच्या वयात हे तीन-चार महिन्यांत भरून येतं. चाळिशी उलटलेली असती तर म्हटलं असतं, पळणं विसरा."

"ऐकलंस ना?" तुवेई त्याच्या खांद्यावर थापटी मारत म्हणाला. "नशीब समज, तरुण आहेस." मग भाच्याला फोन लावत तो बाहेर गेला.

डॉक्टरांनी दुखापतीचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"वय एकतीसच लिहू ना?"

किमोसोप भिंतीला टेकून बसला होता. "लिहा," तो म्हणाला.