गैरहजर अध्यक्ष

नागपूरच्या महाल भागातल्या विणकर वाचनालयाच्या सभेत प्रीतीनं सहज विचारलं, "आपण अध्यक्ष निवडतो कसा?" आणि आठ जणं एकदम चहाच्या कपात बघायला लागले.

प्रीती कार्यकारिणीत सगळ्यात नवी. रविवारी पोरांना गोष्टी वाचून दाखवायची. पंधरा वर्षं अध्यक्ष असलेल्या देवरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग सगळ्यांकडं पाहिलं, आणि नागपुरात अडचणीच्या प्रश्नाचं जे करतात तेच केलं. समिती नेमली. एकाच माणसाची. चारुलताबाईंची.

बाई कळमेश्वरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या. सभेत कधी तोंड उघडत नसत, म्हणून निरुपद्रवी समजल्या जात. पण त्यांची सारी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली होती, हे देवराव विसरले.

बाईंनी वाचनालयाच्या कपाटातली इतिवृत्तं काढली. पदर नाकाला लावून चार दुपारी वाचत बसल्या. पाचव्या दुपारी एकट्याच हसायला लागल्या.

पहिले अध्यक्ष निवडले गेले तेव्हा पुतणीच्या लग्नाला गेले होते. दुसऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. देवराव त्या दिवशी मेहुण्याच्या संत्र्याच्या बागेत, नरखेडला. प्रत्येक ठिकाणी वाक्य तेच, फक्त शाई वेगळी : 'यांची त्यांच्या अनुपस्थितीत एकमताने निवड करण्यात आली.' समोर बसलेला माणूस नाही म्हणू शकतो. नसलेला कसा म्हणणार?

बाईंनी देवरावांना गाठलं. "मग पुढच्या चार वेळा तर तुम्ही हजर होते ना?"

"होतो ना, बाई. पण चर्चा माझ्यावर, मी तिथं बसणं बरं दिसते का? दरवेळी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसो. अंदर बोलावलं की हार तयार." देवरावांनी आवाज खाली आणला. "मले तर पहिल्यापासूनच नव्हतं व्हाचं. पण लोकं इतकं म्हणून राहिले, तर…"

लोकांना विचारलं, तर लोक म्हणाले, देवराव खुर्ची सोडत नाहीत.

खरी मौज हेमराजची होती. बावीस वर्षांत एकही सभा न चुकवलेला हा एकटा माणूस. निवडणुकीच्या दिवशी कडक इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या खुर्चीत बसायचा. त्याला अध्यक्ष व्हायचंय हे भिंतींनाही ठाऊक होतं. आणि हजेरीपटावर तो जितका चोख, तितकं ते पद त्याच्यापासून लांब.

बाईंना त्याची कीव आली. पण सोबत एक खोडीही सुचली. हेमराजला दुसऱ्यांचं वाचायची सवय. शेजाऱ्याचं विजेचं बिलसुद्धा सोडत नसे. एका दुपारी तो वाचनालयात आला तेव्हा बाईंनी अहवालाचा मसुदा, शिफारशीचं पान काढून, टेबलावर उघडा ठेवला आणि "खिडक्या लावून येते" म्हणून मागच्या खोलीत गेल्या. दोनच खिडक्या लावायला त्यांनी चांगली दहा मिनिटं घेतली. परत आल्या तर हेमराज भिंतीवरचं कॅलेंडर पाहत उभा होता, कान लालबुंद.

त्यानं ते गुपित फक्त एका मित्राला सांगितलं. त्या मित्रानंही फक्त एकालाच.

निवडीच्या रविवारी नऊपैकी पाच जणं आलेच नाहीत. कोणाला ताप, कोणाची गाडी पंक्चर. हेमराजचा व्हॉट्सॲपवर निरोप : 'अत्यावश्यक कामामुळे येऊ शकत नाही. सभेचा निर्णय शिरसावंद्य.' उलट कार्यकारिणीतले प्रेमानंद हाताला प्लास्टर घालून हजर. "मी आलो आहे, नीट लिहा," त्यांनी दोनदा बजावलं.

चौघांत गणपूर्ती होईना. सभा नियमाप्रमाणं अर्धा तास तहकूब झाली. नंतर गणपूर्तीचं बंधन उरत नाही. सभा पुन्हा सुरू होताच देवराव सवयीनं उठले.

"कुठं चालले?" बाई म्हणाल्या.

"व्हरांड्यात."

"बसा चुपचाप. बाहेर गेले की निवडून येता."

मग बाईंनी अहवाल वाचला. शिफारस एकच : ज्याला व्हायचं आहे त्यानं इथं, स्वतःच्या तोंडानं सांगावं. बाकीच्यांनी चिठ्ठी टाकावी.

प्रेमानंदांनी प्लास्टरचा हात टेबलावर ठळक दिसेल असा मांडला.

"मले व्हाचं आहे," प्रीती म्हणाली. म्हणता म्हणता तिचा चेहरा तापला, पण तिनं मान खाली घातली नाही. "पोरांसाठी वेगळी खोली कराची आहे. आणि संध्याकाळी वाचनालय उघडं ठेवाचं आहे."

तीन चिठ्ठ्या, तिन्हींवर तिचंच नाव. प्रेमानंदांनी सुटकेचा श्वास सोडला तो खालच्या दुकानात ऐकू गेला असेल.

तेवढ्यात जिन्यावर धपधप पावलं वाजली. समोरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बसून निरोपाची वाट पाहणाऱ्या हेमराजचा धीर सुटला होता. "कोण झालं?"

सांगितल्यावर तो भडकला. "मी तर आलोच नव्हतो! नियमानं मी व्हाले पाह्यजे!"

"पाच जणं आले नाही, भाऊ. पाचही जणाले करू का?" बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत एकदा तरी बोलले का, मले व्हाचं आहे म्हणून?"

"सांगा लागते का ते?" हेमराज खुर्चीत बसला. झब्ब्यावर तर्रीचा डाग पडला होता. "मले वाटे, कोणीतरी म्हणेल."

बाईंची सगळी मौज तिथंच विरली. "मसुदा मीच मुद्दाम उघडा ठेवला होता," त्यांनी सांगून टाकलं.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "दहा मिनिटं कोणी खिडक्या लावते का? पण वाचल्याबिगर राहवलं नाही."

देवराव आधी हसले, मग प्लास्टरवाले प्रेमानंद. शेवटी नाइलाजानं हेमराजसुद्धा.

"काका," प्रीती म्हणाली, "सचिवाची जागा रिकामी आहे. तुम्ही होता का?"

"सांगून राहिली का विचारून राहिली?"

"विचारून राहिली."

हेमराजला हे इतकं नवं होतं की त्यानं विचाराला वेळ मागितला. मनातून घाई असूनही चार दिवस घेतले. प्रीतीकडून आणखी दोनदा विचारून घेतलं, आणि मग लेखी होकार दिला.